दाराशी होणारा पहिला निर्णय

दवाखान्यात गेलेला रोगी प्रथम कोणास भेटतो, असे विचारले तर बहुतेक लोक ‘डॉक्टरांना’ असे सांगतील. वस्तुस्थिती निराळी आहे. डॉक्टरांच्या खोलीत शिरण्यापूर्वीच त्याच्याविषयी एक निर्णय होऊन गेलेला असतो: याला तत्काळ आत न्यावे, बाकावर बसवावे, की उद्या यायला सांगावे. हा निर्णय घेणारी व्यक्ती वैद्यकीय उतरंडीत बहुधा खालच्या पायरीवर असते. तिचे वेतन बेताचे, शिक्षण थोडे, दारावर तिच्या नावाची पाटी तर नसतेच. आणि तरीही तिची चूक डॉक्टरांना पुष्कळदा सुधारता येत नाही, कारण ती उघडकीस येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. शस्त्रक्रियेचा, लसींचा, जंतुशास्त्राचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. या पहिल्या निर्णयाचा इतिहास मात्र युद्धवृत्तान्तांत, परवाना-कायद्यांत आणि रुग्णालयांच्या नियमपुस्तिकांत विखुरलेला आहे. अमेरिकेत ‘प्रॅक्टिकल नर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिचारिकेच्या अनुषंगाने तो येथे मांडत आहे. शेवटी अर्थातच आपल्या घराजवळही यावे लागेल.

पाश्चात्त्य वैद्यकात या कामाला ‘ट्रिआज’ असा फ्रेंच शब्द रूढ आहे. मूळ धातूचा अर्थ निवडणे, वेगळे काढणे. लोकरीच्या व्यापारात लोकरीची प्रत लावण्यास हा शब्द वापरीत, तर कॉफीच्या व्यापारात फुटक्या, हलक्या दाण्यांच्या मालालाच तो लागू झाला. आपल्याकडे कापसाची प्रतवारी होते आणि घरोघर तांदूळ निवडले जातात, म्हणून ‘प्रतवारी’ हाच शब्द मी पुढे वापरणार आहे. भेद एवढाच की सुपातला खडा बाहेर टाकायचा असतो. माणसांच्या प्रतवारीत टाकायचे कोणालाच नसते, केवळ क्रम लावायचा असतो. हा भेद ज्या ज्या वेळी विसरला गेला, त्या त्या वेळी अनर्थ झाला आहे.

या कल्पनेचा उगम सामान्यतः दोमिनिक जाँ लारे (१७६६–१८४२) या फ्रेंच शल्यविशारदापाशी नेऊन सोडतात. तत्पूर्वी लढाई संपेपर्यंत जखमी शिपाई रणांगणावरच पडून राहत आणि उपचाराचा मान आधी अधिकाऱ्यांचा असे. लारे याने १७९२ पासून घोड्यांच्या हलक्या गाड्यांची ‘उडती रुग्णवाहिका’ उभारली आणि जखम जितकी गंभीर तितका उपचार लवकर, हुद्दा व दर्जा विचारात घ्यायचा नाही, असा दंडक घालून दिला. नेपोलियनच्या इम्पीरियल गार्डचा हा मुख्य शल्यविशारद, म्हणजे हुद्द्यांच्या अगदी मध्यभागी वावरणारा माणूस, हुद्दा बाजूला ठेवा असे सांगतो, यातील धाडस लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु लारे याच्या व्यवस्थेत निवड करणारा स्वतः शल्यविशारदच होता. परिचारिकेचा प्रवेश अजून व्हायचा होता.

तो झाला क्रिमियन युद्धात. या युद्धाचे नाव काढताच आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवते. १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ परिचारिकांसह स्कुटारीस पोहोचली, तिथली घाण उपसली आणि कंदील घेऊन फिरणारी ती मूर्ती शालेय पाठ्यपुस्तकांतून अजरामर झाली. त्याच महिन्यात शत्रुपक्षाच्या बाजूस, वेढलेल्या सेव्हास्तोपोल शहरात, निकोलाय पिरोगोव्ह (१८१०–१८८१) हा रशियन शल्यविशारद दाखल झाला. प्रतवारीच्या इतिहासाच्या दृष्टीने खरे महत्त्व या दुसऱ्या घटनेला आहे, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्याच वर्षी ग्रँड डचेस एलेना पाव्लोव्हना हिने सेंट पीटर्सबर्ग येथे सेवाव्रती भगिनींचा एक संघ स्थापन करून तो युद्धभूमीकडे रवाना केला होता. त्यांत सरदार घराण्यांतील स्त्रिया होत्या, तशाच साध्या घरांतल्याही. युद्धाच्या आघाडीवर स्त्रियांनी जावे, ही कल्पनाच अनेक सेनाधिकाऱ्यांस रुचली नव्हती.

सेव्हास्तोपोल येथील सरदारांच्या सभागृहात, जिथे एरवी नृत्यसमारंभ होत, तिथे मलमपट्टीचे मुख्य ठाणे होते. तोफखान्यात अधिकारी असलेल्या तरुण लिओ टॉलस्टॉयने आपल्या सेव्हास्तोपोल-कथांत या दालनाचे वर्णन केले आहे. तोफांचा मारा झाला की शेकडो जखमी एकाच वेळी तिथे आणून टाकले जात. जो अधिक ओरडे त्याच्याकडे डॉक्टर धावत. मरणासन्न माणसावर तास खर्ची पडे आणि वाचू शकणारा शेजारी रक्तस्रावाने मरून जाई. पिरोगोव्हने पहिली गोष्ट केली ती ही की, आलेल्या प्रत्येकाची आधी वाटणी करायची, उपचार नंतर. ज्यांची आशा उरलेली नाही, त्यांना वेगळे ठेवून भगिनींच्या व धर्मगुरूंच्या हवाली करायचे. ज्यांच्यावर तत्काळ शस्त्रक्रिया हवी, त्यांना तिथेच मेजावर घ्यायचे. ज्यांची शस्त्रक्रिया थोडी लांबवता येईल, त्यांना पुढील रुग्णालयात पाठवायचे. किरकोळ जखमींना पट्टी बांधून परत पाठवायचे. रणांगणावर औषधोपचारापेक्षा व्यवस्थापनच मुख्य, असे त्याने पुढे ग्रंथरूपाने आग्रहाने प्रतिपादन केले. सारा जन्म शासकीय व्यवस्थापनात घालवलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढ्या मोठ्या शल्यविशारदाकडून असे प्रशस्तिपत्र आमच्या वर्गास क्वचितच मिळते!

भगिनींचीही वाटणी त्याने केली: काही मलमपट्टीवर, काही औषधांवर, काही भांडारावर. पुढे जखमींच्या लांबच्या वाहतुकीबरोबर जाणाऱ्या भगिनींचा आणखी एक गट झाला. त्या गटाची धुरा वाहणारी येकातेरिना बाकुनिना १८५६ मध्ये संघाची प्रमुख झाली. भांडारावरच्या भगिनींनी पुरवठ्यात हात मारणाऱ्या अंमलदारांवर करडी नजर ठेवली, त्यामुळे त्या सर्वांत अप्रिय ठरल्या. पण माझ्या मते सर्वांत कठीण जबाबदारी होती ती आशा सोडलेल्यांच्या दालनातील. वाटणी एकदा करून भागत नाही. वाट पाहणाऱ्या माणसाची प्रकृती तासातासाला पालटते. बाजूस ठेवलेल्या एखाद्याची नाडी पुन्हा लागू लागली, तर ते ध्यानात येण्याजोगे त्या दालनात होते कोण? डॉक्टर तर मेजापाशी गुंतलेले. प्रतवारीनंतर मागे उरलेल्यांकडे पाहत राहणे हा प्रतवारीचाच दुसरा भाग आहे, आणि तो परिचारिकेकडे आला तो तेव्हापासून.

पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याच्या प्रतवारी-ठाण्यांमुळे हा शब्द इंग्रजीत शिरला. त्याच वेळी एक वेगळा विचारही बळावला: जे लवकर बरे होऊन पुन्हा खंदकात जातील त्यांना आधी पाहावे. लारे याच्या दंडकाच्या नेमका उलट असा हा हिशेब होता. लष्करी तर्क त्यात होता. वैद्यकीय धर्म कितपत होता, हे वाचकांनीच ठरवावे.

आता अमेरिकेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील शहरांत घरोघरी आजारी, वृद्ध, बाळंतिणी यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना काम होते, पण शिक्षण नव्हते. न्यू यॉर्क येथे यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने १८९० च्या दशकाच्या प्रारंभी बॅलर्ड स्कूलमध्ये त्यांच्यासाठी सुमारे तीन महिन्यांचा वर्ग काढला. रोग्यास आंघोळ घालणे, पथ्याचे अन्न शिजवणे, बिछाना बदलणे, ताप पाहणे अशा गोष्टी तिथे शिकवीत. ‘प्रॅक्टिकल नर्स’ हा वर्ग असा जन्मास आला. रुग्णालयात रीतसर शिकलेल्या नोंदणीकृत परिचारिका तिच्याकडे काहीशा संशयाने पाहत. मिसिसिपी राज्याने १९१४ साली तिच्या परवान्याचा कायदा केला, न्यू यॉर्कने १९३८ साली परवाना अनिवार्य करण्याचा कायदा केला, आणि दुसऱ्या महायुद्धात नोंदणीकृत परिचारिका आघाडीवर गेल्यावर देशातील रुग्णालये तिच्याच आधारावर चालली. १९५५ पर्यंत सर्व राज्यांत तिच्यासाठी परवान्याचे कायदे झाले होते. कॅलिफोर्निया व टेक्सास येथे तिचे नाव ‘व्होकेशनल नर्स’ असे आहे. शिक्षण सामान्यतः एक ते दीड वर्षाचे.

युद्धानंतर अमेरिकेत घरी येणारे कुटुंबाचे डॉक्टर कमी होत गेले आणि लोक सर्दी-खोकल्यासाठीही रुग्णालयाच्या आणीबाणी विभागात जाऊ लागले. येल विद्यापीठाच्या परिसरातील वाइनरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथे येणाऱ्यांची तीन गटांत विभागणी केली: प्राणसंकट असलेले, लवकर पाहावे लागणारे आणि थांबू शकणारे. तिसऱ्या गटातले लोक फार होते. रणांगणावरची प्रतवारी नागरी रुग्णालयात आली ती या काळात. पुढे ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात पाच पायऱ्यांची राष्ट्रीय श्रेणी ठरवली. पहिल्या पायरीवरच्या रुग्णास तत्क्षणी, दुसऱ्यास १० मिनिटांत, मग ३०, ६० आणि १२० मिनिटांत डॉक्टरांनी पाहावे, असा तो क्रम. इंग्लंडात मँचेस्टर येथे रंगांची पद्धत निघाली. या सर्व पद्धतींत दाराशी परिचारिका आहे. परंतु मोठ्या रुग्णालयांनी ती जागा अनुभवी, नोंदणीकृत परिचारिकेसाठी राखली. प्रॅक्टिकल नर्सच्या वाट्यास आला तो गल्लीतला दवाखाना आणि त्याचा दूरध्वनी.

हा दूरध्वनी साधा समजू नये. रुग्णालयाच्या दाराशी बसलेलीला रोग्याचा चेहरा दिसतो, घाम दिसतो, श्वास ऐकू येतो. दूरध्वनीवरच्या परिचारिकेला केवळ एक आवाज असतो, आणि तोही पुष्कळदा रोग्याचा नसून त्याच्या आईचा किंवा मुलाचा. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये दूरध्वनीवरील सल्ल्याचे लेखी नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यामागे हीच अडचण होती. आई म्हणते, “बाळाला थोडासा ताप आहे.” आवाज शांत आहे, तक्रार किरकोळ वाटते. नियम सांगतो की आधी वय विचारा. बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, तर उद्याची वेळ द्यायची नाही, लगेच पाठवायचे. कारण एवढ्या लहान जिवात गंभीर जंतुसंसर्ग पुष्कळदा दुसरे कोणतेच लक्षण दाखवीत नाही. उलट चार वर्षांचे मूल १०२ अंश तापात खेळत-पाणी पीत असेल, तर आई कितीही घाबरलेली असली तरी तिला धीर देऊन थांबवता येते. छातीत दुखते म्हणणाऱ्या प्रौढास भेटीची वेळ द्यायचीच नाही, रुग्णवाहिका बोलवायला सांगायचे. आवाजाच्या चढउतारावरून क्रम लावू नये, हे पिरोगोव्हच्या दालनात शिकलेले सूत्र शंभर वर्षांनी पुन्हा शिकावे लागले.

येथे एक शब्दच्छल आहे, आणि तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग वाटतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या नियमांप्रमाणे रुग्णाच्या स्थितीचे ‘मूल्यमापन’ हा नोंदणीकृत परिचारिकेचा अधिकार आहे. प्रॅक्टिकल नर्सने ‘माहिती गोळा करावी’ आणि वर कळवावी. नाडी तिने मोजायची, प्रश्न तिने विचारायचे, कोणता प्रश्न आधी विचारायचा हेही तिनेच ठरवायचे. पण याला निर्णय म्हणायचे नाही. कचेरीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे चांगले परिचयाचे आहे. कारकून टिपणी लिहितो, साहेब खाली ‘मान्य’ असा शेरा मारतात आणि निर्णय साहेबांचा ठरतो. परंतु टिपणीत काय यायचे आणि काय गाळायचे, तिथेच बहुतांशी निकाल लागलेला असतो. या बंधनात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. दीड वर्षाच्या शिक्षणावर एखाद्या जिवाची जबाबदारी टाकणे तिच्यावरही अन्यायाचेच आहे. आक्षेप आहे तो काम करून घेऊन त्याचे नाव नाकारण्यास. नाव नाकारले की प्रशिक्षणही नाकारता येते, आणि चूक झाली की बोट मात्र तिच्याकडेच दाखवता येते.

यावर अनेक ठिकाणी एक शहाणा तोडगा निघाला. लेखी नियमाने जी पायरी येते तिच्याहून वरची पायरी परिचारिका स्वतःच्या जबाबदारीवर देऊ शकते; खालची द्यायची असेल तर वरिष्ठांना विचारले पाहिजे. ‘मला हा माणूस ठीक दिसत नाही’ एवढे कारणही वर चढवण्यास पुरते. या एकतर्फी अधिकारामागे हिशेब आहे. अपघातग्रस्तांच्या बाबतीत अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या समितीने असे धरले की खरा गंभीर रुग्ण खालच्या गटात पडण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे, आणि त्यासाठी २५ ते ३५ टक्के रुग्ण विनाकारण वरच्या गटात गेले तरी चालतील. म्हणजे एक धोका टाळण्यासाठी अनेक खोट्या हाका पत्करायच्या. यालाही मर्यादा आहेच. आमच्या काळी कचेरीत नस्तीवर ‘तातडीचे’ अशी लाल चिठ्ठी लावीत. हळूहळू सर्वच नस्त्यांवर ती झळकू लागली, मग ‘अतितातडीचे’ निघाले, आणि अखेरीस चिठ्ठी नसलेली नस्तीच वेगळी म्हणून नजरेत भरू लागली.

प्रतवारी म्हणजे नकार नव्हे, हे मात्र न्यायालयांना व कायद्यांना सांगावे लागले. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने, केंद्रीय विमायोजनेत सहभागी रुग्णालयांच्या आणीबाणी विभागात येणाऱ्या प्रत्येकाची, पैशाचा विचार न करता, वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. दाराशी केलेली प्रतवारी ही तपासणी नव्हे, हेही पुढे स्पष्ट करण्यात आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात, जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर, असा निर्वाळा दिला. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील खेत मजूर समितीच्या प्रकरणात, एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलेल्या जखमीच्या बाबतीत, घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा भंग झाल्याचे ठरवले. २०२० च्या मार्चमध्ये इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अतिदक्षता विभागातील जागा अपुऱ्या पडल्यास वयाची मर्यादा घालावी लागेल, असे म्हटले तेव्हा जगभर खळबळ उडाली. पिरोगोव्हचे ते वेगळे दालन पुन्हा उघडले होते.

आपल्याकडे ही जागा दीर्घकाळ कंपाउंडरकडे होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी वस्त्यांतील जुने दवाखाने ज्यांनी पाहिले असतील, त्यांना तो आठवेल. काचेच्या बाटलीवर मात्रांची कागदी पट्टी चिकटवणारा, आणि रांगेकडे पाहून ‘आजोबा, तुम्ही आधी चला’ म्हणणारा. त्याची नजर तयार असे, पण ओळखीपुढे आणि प्रतिष्ठेपुढे ती हटकून मऊ होई. शिकलेल्या परिचारिका येथे उशिरा आल्या. मुंबईत १८९१ मध्ये प्रशिक्षणास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय म्हणून परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत आढळते. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकाच्या प्रारंभी, सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे आपल्या नित्याच्या बोलण्यातील ‘एएनएम’ अथवा ‘नर्सबाई’, हा वर्ग निर्माण झाला. अमेरिकेच्या प्रॅक्टिकल नर्सशी तिचे नाते जवळचे आहे. एक उपकेंद्र मैदानी भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे, असे मान ठरले. वरचे प्राथमिक आरोग्य केंद्र काही कोस दूर. अमेरिकन परिचारिकेला शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांस विचारता येते; हिला विचारायचे कोणाला?

याचे उत्तर एका दूरच्या बेटावरून आले. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले की मुलाच्या न्यूमोनियाचा अंदाज स्टेथोस्कोप न लावताही, श्वास मोजून आणि बरगड्यांखालची छाती आत ओढली जाते का ते पाहून, बांधता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत उचलली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले आणि त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते अशा दाईंसाठी श्वास मोजण्याचे मण्यांचे साधे उपकरणही त्यांनी तयार केले. कोणाला निर्णय घेता येतो, या प्रश्नाला एवढे थेट उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

या शतकाच्या पहिल्या दशकात बालरोगांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचा कार्यक्रम भारतात आला, तेव्हा नर्सबाईंच्या हाती तीन रंगांचा तक्ता आला. गुलाबी म्हणजे तत्काळ रुग्णालयात, पिवळा म्हणजे इथेच औषध, हिरवा म्हणजे घरी काळजी. मूल अंगावर वा पाणी पीत नाही, सारे ओकून टाकते, झटका आला, मलूल वा बेशुद्ध आहे, यांपैकी एक जरी असले तरी गुलाबी. श्वास दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० वा अधिक, एक वर्षाच्या आतील मुलात ५०, पाच वर्षांच्या आतील मुलात ४० असेल तर तो जलद धरायचा. मोजणीचे नियमही ठरलेले आहेत. मूल शांत हवे; रडत असेल तर थांबायचे. सदरा वर करून पोट आणि छाती दिसली पाहिजे. लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही, म्हणून अर्धे मिनिट मोजून दुप्पट करायचे नाही, घड्याळाच्या काट्यावर पूर्ण एक मिनिट मोजायचे. आणि दोन महिन्यांच्या आतील बाळाचा आकडा ६० वा अधिक आला, तर लिहिण्यापूर्वी तो पुन्हा एकदा पूर्ण मिनिटभर मोजायचा.